वजनकाट्यावरची बाई

डिचोलीहून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
आता जिथे टायरचं दुकान आहे
तिथे तुझी केबिन होती.
पत्र्याची. एक खिडकी, कुरकुरणारा पंखा,
खिळ्याला टांगलेली डब्याची पिशवी,
आणि समोर लोखंडी फळीवर येऊन थांबणारे ट्रक
भरलेले, मग रिकामे, मग पुन्हा भरलेले.
तू लिहायचीस : नंबर, भार, वजाबाकी.

घरी यायचीस तेव्हा पापण्यासुद्धा तांबड्या.
न्हाणीतलं पहिलं पाणी मातीचं,
दुसरं चहाच्या रंगाचं,
तिसऱ्या तांब्याला तू माझी आई व्हायचीस.
मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी,
भूक लागलेली, रागावलेली.

एका सुट्टीत मला बरोबर नेलंस.
दुपारी रस्ता ओस होता, मी त्या फळीवर जाऊन उभी राहिले.
काटा ढिम्म.
मी उडी मारली. दप्तर नव्हतं, म्हणून एक दगड घेतला.
तरीही शून्य.
रडायला लागले तेव्हा तू पेन कानावर अडकवून बाहेर आलीस
आणि म्हणालीस,
"ताका दिसना म्हूण तूं ना अशें न्हय गो."

तेव्हा मी सात वर्षांची.
तेराव्या वर्षी हायस्कूलच्या फॉर्मवर
'आईचा व्यवसाय' या रकान्यात
मी 'घरकाम' लिहिलं.
सही करताना तू वाचलंस.
पेन जरासं थांबलं.
मग सही केलीस, नेहमीसारखी,
गांवसमधल्या अनुस्वारासकट,
आणि विचारलंस, पेजेबरोबर लोणचं हवं का.

तो ठेकेदार, पाकीट, 'दोनच टन, बाई',
हे तू कधी बोलली नाहीस.
बाबांच्या तेराव्याला जेरोनिमोने सांगितलं,
केळीच्या पानावरचा भात बोटांनी नुसता पसरत :
तू ते पाकीट त्याच ट्रकच्या पावतीला
टाचणीने जोडून परत पाठवलंस.
महिनाभर तुझ्या केबिनचा पंखा कुणी दुरुस्त केला नाही.
मला तो उन्हाळा आठवला.
घामोळ्यांवर मी तुला पावडर लावून दिली होती
आणि कंटाळून अर्धी पाठ तशीच सोडून खेळायला पळाले होते.

खाण बंद पडली, फळी भंगारात गेली,
रजिस्टरं मात्र तू आणलीस. अकरा.
माळ्यावर आहेत, आमसुलांच्या बरणीमागे.
गेल्या चवथीला मी एक उघडलं.
पानापानावर बेरजेखाली रेघ,
पट्टी न घेता ओढलेली, आणि सरळ.
एका जागी मात्र वळलेली.
तारीख पाहिली : मला टायफॉइड झाला होता तो आठवडा.

आई, तो फॉर्म शाळेने केव्हाच रद्दीत घातला असेल.
इथे लिहिते.
आईचं नाव : सत्यवती गांवस.
व्यवसाय : वजनकाटा कारकून, एकवीस वर्षं.
खाडाखोड नाही.

बांबोळीला रात्रपाळीत
मी दिवस भरायच्या आत आलेल्या बाळांची वजनं घेते.
माझ्या काट्याला पाच ग्रॅमसुद्धा दिसतात.
तरी हात लावण्याआधी मी प्रत्येकाला हळूच सांगते
तू मला सांगितलं होतंस तेच.
नर्सेस हसतात. हसू देत.

सकाळी बसस्टॉपवरून तुला फोन लावते.
तू झोप झाली का विचारत नाहीस,
नाश्त्याचंही नाही.
"कोपऱ्यातली ती? किती भरली?"
"हजार दहा. तीस वाढली."

ट्रकांमागून ट्रक टनांत मोजलेली तू
पलीकडे क्षणभर गप्प.
मग हळूच, जणू मोठ्याने बोललं तर उतरतील,
"तीस!" म्हणतेस,
"तीस गो बाय!"